अकरा गोण्या आणि अर्धी कॅरीबॅग

रविवारी पहाटे उठून विरार स्टेशन गाठणं हा आपल्यासारख्या फाइव्ह-डे-वीकवाल्या जमातीचा सरळसरळ अपमान आहे. मी तर फ्रीलान्सर, म्हणजे माझा रोजच रविवार असतो असा आईचा पक्का समज. तरीही त्या दिवशी उजाडायच्या आत मी डहाणू लोकलमध्ये खिडकी पकडून बसले होते. सॅकमध्ये रबरी हातमोजे, ओडोमॉस आणि आईची थालीपीठं. समोर माझा मित्र, आणि त्याच्या मांडीवर तांदळाच्या रिकाम्या गोण्यांची व्यवस्थित घडी. आदल्या रात्री वाण्याशी घासाघीस करून मिळवलेल्या.

‘बीच क्लीनअप आहे, येतेस?’ एवढंच त्यानं आठवड्यापूर्वी विचारलं होतं. म्हटलं, सही! वीकेण्डचा लेख होईल, फोटो होतील, वर ताजी पापलेटं. वर्सोव्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. अफरोज शाह या वकिलानं २०१५ मध्ये शेजारच्या आजोबांना सोबत घेऊन तिथला किनारा साफ करायला घेतला, मग शेकडो लोक येत गेले आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. तेव्हापासून रविवारी कचरा उचलणं हा मुंबईत एकदम हॅपनिंग प्रकार झालाय. हातमोजे घालून फोटो टाकला नाही असा एचआरवाला दाखवा आणि बक्षीस मिळवा.

पालघर मागे पडलं तसा मित्र म्हणाला, ‘‘सेल्फी नाही हं. आणि जागेचं नाव लिहायचं नाही.’’

‘‘का? कासवं आहेत?’’

‘‘नाही. माणसं आहेत.’’

बोईसर ते वाणगाव एवढ्या वेळात त्यानं काय ते सांगून टाकलं. किनाऱ्यावर वनखात्यानं वारा अडवायला लावलेली सुरूची बनं आहेत. त्यातल्या एका बनात दिवस मावळल्यावर पुरुष पुरुषांना भेटायला येतात. गे मंडळींच्या भाषेत याला क्रुझिंग म्हणतात. ओळख नाही, नाव नाही. नजरेला नजर द्यायची, मग थांबायचं किंवा पुढे चालू पडायचं. जगातल्या बहुतेक शहरांत अशी एखादी बाग, एखादं स्टेशन, एखादं रान असतं. मुंबईतल्या अशा जागांवर तर साहित्य आहे, आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही २००३ ची कादंबरी सुरू होते तीच चर्चगेट स्टेशनच्या मुतारीत. पण डहाणूच्या बाजूला? चिकू, समुद्र आणि इराणी वाड्यांपलीकडे मी इथला विचारच केला नव्हता.

हा माझा मित्र गे आहे हे मला ६ सप्टेंबर २०१८ पासून माहीत आहे. सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून दोन सज्ञान माणसांच्या संमतीचा संबंध बाहेर काढला त्या दिवशी आमच्या मास कॉमच्या कँटीनमध्ये टीव्हीसमोर सगळे टाळ्या वाजवत होते. हा एकटा कोपऱ्यात रडत होता. इतका साधा खुलासा मी आजवर पाहिलेला नाही.

वाणगावला उतरलो. टमटममध्ये नऊ जण, त्यात एक कोंबडी. दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या, मग ताडाची झाडं, मग एकदम नाकात खारट वारा आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास. इथून पुढचा रस्ता मी सांगणार नाही. वाढवणपासून ते बन फार लांब नाही आणि फार जवळही नाही, एवढ्यावर भागवून घ्या.

बनात आमच्या आधी तिघे पोचले होते. बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारा एक, शाळेत शिकवणारा एक, आणि जवळच्याच गावचा एक, जो स्वतःबद्दल काहीच बोलला नाही. वसईहून एक जोडी आली होती. आम्ही धरून सात जण. बॅनर नाही, टी-शर्ट नाहीत, संस्थेचं नाव नाही. महिन्यातून एका रविवारी जमेल त्यानं यायचं, एवढाच फंडा. कोणी विचारलं तर ‘मुंबईहून आलोय, समुद्र साफ करतोय’ असं सांगायचं. ते खोटंही नाही.

सुरूचं बन आतून कधी पाहिलंत? पायाखाली सुयांचा जाड गालिचा, चालताना आवाजच होत नाही. वर मात्र सतत सूं सूं चालू. ऊन गाळून गाळून खाली येतं. जागा सुंदर आहे, यात वाद नाही. आणि तरी खरं सांगते, पहिली दहा मिनिटं माझ्या पोटात गोळा होता. मुलगी म्हणून मला लहानपणापासून जे जे टाळायला शिकवलं, निर्जन जागा, झाडी, एकटेदुकटे पुरुष, ते सगळं इथे एकत्र होतं. मी मित्राला तसं म्हटलं. तो थांबला. म्हणाला, ‘‘गंमत बघ. मला अख्ख्या जिल्ह्यात एवढ्याच जागी भीती वाटत नाही.’’ मग जरा वेळानं, ‘‘म्हणजे पोलीस येईपर्यंत.’’

कामाला लागलो. आता कचऱ्याविषयी, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

मी मनातल्या मनात एक चित्र तयार केलं होतं. तुमच्याही डोळ्यांपुढे तेच आलं असेल. प्रत्यक्षात पहिल्या तासात मी उचललं ते असं: वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, दारूच्या क्वार्टर, फुटलेल्या बिअरच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, लहान मुलांचे डायपर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं निर्माल्य, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे, डाव्या पायाच्या चपला (उजव्या कुठे जातात?) आणि एक अख्खी गादी. महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी २०१८ मध्ये आली ना? ती बहुधा टमटम न मिळाल्यामुळे इथवर पोचली नसावी. हा सगळा कचरा दिवसाढवळ्या येणाऱ्या सभ्य लोकांचा. सहली, वाढदिवस, ओल्या पार्ट्या. गादी कोणाची हे देव जाणे.

आणि मधूनच, झाडाच्या बुंध्याशी, एखादं चौकोनी चकचकीत पाकीट. एखादा टिश्यू. एखादा कंडोम. ते मित्र आणि तो गावातला मुलगा वेगळे उचलत होते, चिमट्यानं, एका निळ्या कॅरीबॅगेत. बाकीचं गोण्यांमध्ये.

‘‘वेगळं का?’’ मी विचारलं.

‘‘कारण लोक चिडतात ते यावर,’’ मित्र म्हणाला. ‘‘बाटलीच्या काचेनं पाय कापला तर म्हणतात, लोकांना अक्कल नाही. हे एक पाकीट दिसलं की म्हणतात, बन तोडा.’’

हे सगळं तो लंडनहून शिकून आलाय. एमएला तिकडे होता तेव्हा काही मित्रांबरोबर रविवारी सकाळी हॅम्पस्टेड हीथवर पिशव्या घेऊन जायचा. हीथ म्हणजे शहरातच असलेलं सुमारे ३२० हेक्टरचं मोकळं रान. आपली शिवाजी पार्कं पंचवीस-तीस तरी मावतील त्यात. १९८९ पासून ते सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहे. तिथे तळी आहेत, टेकडीवरून अख्खं लंडन दिसतं, आणि पश्चिमेकडची झाडी, वेस्ट हीथ, गे पुरुषांची भेटण्याची जागा म्हणून कित्येक दशकं प्रसिद्ध आहे. जॉर्ज मायकलला २००६ मध्ये एका टॅब्लॉइडच्या माणसांनी तिथेच गाठलं होतं. तो तोंड लपवून पळाला नाही, उलट त्यांनाच झापलं. तो जवळच हायगेटला राहायचा. २०१६ च्या ख्रिसमसला तो गेला तेव्हा त्या घरासमोर फुलांचा ढीग लागला.

मित्र सांगत होता, ‘‘तिकडे सकाळी कुत्री फिरवायला येणाऱ्या आज्या असतात. त्यांना आत काय चालतं ते पक्कं माहीत. एक जण मला म्हणाली होती, तुम्ही रात्री काय करता त्याच्याशी मला देणंघेणं नाही, माझ्या कुत्र्यानं ते खाऊ नये एवढंच. मला ते फार आवडलं. म्हणजे भांडण नीतीचं नाहीच. भांडण कचऱ्याचं आहे, आणि कचरा उचलता येतो.’’

ॲमस्टरडॅमनं तर हे नियमातच बसवायचा प्रयत्न केला होता. मार्च २००८ मध्ये तिथल्या स्थानिक कौन्सिलनं फोंडेलपार्कबद्दल अशी भूमिका घेतली, की अंधार पडल्यावर प्रौढांकडे काणाडोळा करू, पण मुलांच्या खेळाच्या जागेजवळ नाही आणि कचरा मागे ठेवायचा नाही. कुत्रा मोकळा सोडला तर मात्र दंड! पोलिसांना हे पटलं नाही आणि जगभरच्या पेपरांना हसायला विषय मिळाला. मला विचाराल तर त्यातला कचऱ्याचा नियम सगळ्यात शहाणा होता.

साडेदहाच्या सुमारास बनाच्या दुसऱ्या टोकाकडून एक आजी आल्या. डोक्यावर चुंबळ, हातात कोयता, मागे दोन नाती. सुरूची वाळकी फाटी वेचायला रोज येतात. माझ्या हातातली गोण बघून म्हणाल्या, ‘‘काय गं बाय, पगार देतात काय याचा?’’

‘‘नाही आजी, असंच.’’

‘‘मंग चांगलंय.’’ त्यांनी नातीला हातानं मागे ओढलं, कारण पुढे काचा होत्या. ‘‘पोरींच्या पायाला लागतं. ते दारूवाले बाटल्या फोडतात आनि गाडी घेऊन जातात. मुंबईचेच असतात.’’

मी धीर करून विचारलं, रात्री कोण येतं का इकडे?

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग जरा लांब उभ्या असलेल्या त्या गावच्या मुलाकडे. तो खाली मान घालून जाळ्याचा तुकडा वाळूतून ओढत होता. ‘‘येतात कोन कोन,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमाला काय त्रास नाय देत. पोरीबाळींनी असलं तसलं बगू नये, येवढंच.’’ आणि कोयता घेऊन पुढे गेल्या.

हॅम्पस्टेडच्या त्या आजीबाईंना मी पाहिलेलं नाही, पण या दोघींचं चांगलं जमलं असतं. तो मुलगा मात्र त्यानंतर बराच वेळ काही न बोलता भराभर काम करत राहिला.

नंतर थालीपीठं खाताना तो थोडा मोकळा झाला. मी विचारलं ते तुम्हीही विचाराल: आता तर ॲप्स आहेत, मग झाडीत कशाला? तो हसला. ॲपवर फोटो मागतात. फोटो दिला की कधी कधी पैसे मागतात, नाहीतर घरी सांगू म्हणतात. त्याच्या ओळखीच्या एकानं असे दोन महिन्यांचे पगार घालवले. शिवाय फोन घरात सगळेच हाताळतात. मोठा भाऊ, बहीण, बायको. हो, बायकोही. इथे येणाऱ्यांत बरेच लग्न झालेले. घर दोन खोल्यांचं, माणसं सात. ‘‘रूम कुठाय आपल्याकडे?’’ तो म्हणाला.

रूम कुठाय. वन-बीएचकेमध्ये आईबाबांसोबत राहणाऱ्या माझ्या-तुमच्यासारख्यांना हा प्रश्न नवा नाही. बँडस्टँड, वरळी सी-फेस, मरीन ड्राइव्हवर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या जोड्या काय निसर्ग बघायला बसतात? फरक इतकाच, की आपण पकडले गेलो तर हवालदार शंभर-दोनशे घेतो आणि फार तर घरी फोन करायची धमकी देतो. त्या मुलाच्या घरी तसा फोन गेला तर त्याला गावात राहता येणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ सारखं कलमच उरलेलं नाही. सार्वजनिक जागी अश्लील वागण्याचा गुन्हा आहे, कलम २९६, जुनं २९४. तो स्त्री-पुरुष जोड्यांनाही लागू आहे, त्यामुळे या बनात जे चालतं ते सगळं कायदेशीर आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण चौकोनी पाकिटाला हे लोक इतकं का घाबरतात ते समजायला जुलै २००१ चं लखनौ आठवावं लागतं. तिथल्या पोलिसांनी एका बागेत धाड घातली आणि एड्स रोखण्याचं काम करणाऱ्या चौघांना पकडलं. त्यांच्या ऑफिसातली माहितीपत्रकं, कंडोम असला सगळा ‘माल’ पुरावा म्हणून जप्त झाला. ते चौघे ४७ दिवस आत होते. मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्था १९९४ पासून याच कामात आहेत. त्यांचे कार्यकर्ते अशाच जागी जाऊन कंडोम वाटत आलेत. म्हणजे एकाच वस्तूला आरोग्यखातं गरज म्हणतं, पोलीस पुरावा म्हणतात आणि गाव घाण म्हणतं. ती निळी पिशवी भरताना माझ्या मित्राचा चेहरा इतका गंभीर का होता, ते मला तेव्हा कळलं.

दुपारी एकपर्यंत अकरा गोण्या झाल्या. निळी कॅरीबॅग अर्धी.

मग वाढवण. ते बक्षीस होतं. ओहोटी लागली होती आणि समुद्र इतका आत गेला होता, की किनाऱ्यापासून लांबवर नुसता काळा खडक उघडा पडला होता. शंखोदर हे इथल्या लोकांचं श्रद्धास्थान. त्या बाजूला खडकांच्या खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात खेकडे, शिंपल्या, आणि बायका वाकून कालवं काढताहेत. घोटे सोलवटून घ्यायची तयारी असेल तर तासभर चाला, पैसा वसूल. गावात भिंतीवर ती घोषणा दिसली: ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’. रंग जरा उडालाय.

बंदराची थोडक्यात कथा सांगते, कारण इथे आल्यावर ती टाळता येत नाही. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये त्याच्या राखणीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं, अध्यक्ष न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी. या प्राधिकरणानं १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. पंचवीस वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणानं नव्या प्रस्तावाला होकार दिला. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पालघरमध्ये पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात भराव घालून १,४०० हून अधिक हेक्टर जमीन तयार करायची योजना आहे. नोकऱ्या येतील असं सरकार म्हणतं, मासेमारी संपेल असं मच्छीमार म्हणतात, आणि जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली तेव्हा हेच दोन आवाज समोरासमोर होते.

खडकावर बसून मी मित्राला म्हटलं, रस्ते रुंद झाले, दिवे आले, कंटेनर आले, तर त्या बनाचं काय? त्याला बन बंदराच्या नकाशात आहे की नाही हेही माहीत नव्हतं. ‘‘असलं तरी सांगणार कोणाला?’’ तो म्हणाला. ‘‘मच्छीमार जनसुनावणीत उभा राहून म्हणू शकतो, ही माझी जागा आहे. चिकूवाला म्हणू शकतो. आम्ही काय सांगणार, प्रकल्पबाधित आहोत म्हणून नाव लिहून घ्या?’’ दोघंही हसलो. मग हसू थांबलं. मच्छीमारांच्या दुःखाच्या रांगेत हे दुःख उभं करायला मलाही संकोच वाटतो. पण रांगेत उभंच राहता येत नाही हेही खरंच.

आमच्या पानाच्या पद्धतीप्रमाणे लेखाखाली ‘कसं जाल, कुठे खाल’ची चौकट असते. संपादकांनी बनाचं नाव मागितलं. ‘वाचकांना जायला आवडेल,’ असं त्यांचं म्हणणं, आणि ते हेतूनं बरोबरच आहे. मी दिलं नाही. थोडी वादावादी झाली, हे आपलं तुमच्या-आमच्यात. तेव्हा चौकट इथेच घ्या: विरारहून डहाणू लोकल, वाणगाव किंवा डहाणू रोडला उतरा, पुढे टमटम किंवा एसटी. ओहोटीची वेळ बघून निघा. सीझनला चिकू घ्या, घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालाय. बोंबील घेतलेत तर परतीच्या लोकलमध्ये शेजारी कोणी बसणार नाही, आरामात पाय पसरून या. आणि बाटल्या घेऊन जाणार असाल तर त्या परतही घेऊन या. आजी कोयता घेऊन फिरतात.

संध्याकाळी गावच्या कचऱ्याच्या गाडीसाठी अकरा गोण्या रस्त्याकडेला लावल्या. निळी पिशवी मित्रानं त्यात टाकली नाही. गाडीवरची पोरं गोण्या उघडून बाटल्या वेगळ्या काढतात, भंगारात विकायला. त्यांनी ती पिशवी उघडली असती तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं. म्हणून तिला गाठ मारली, वर दुसरी पिशवी, वर वर्तमानपत्र, आणि सगळं त्याच्या सॅकमध्ये, रिकाम्या थालीपिठाच्या डब्याशेजारी. तो गावचा मुलगा टमटमपर्यंत सोडायला आला. मित्राशी त्यानं हात मिळवला, मला ‘ताई, या परत’ म्हणाला आणि अंधार पडायच्या आत घराकडे वळला.

परतीच्या लोकलला तुफान गर्दी. मित्रानं सॅक पोटाशी धरली होती, पाकीटमार असल्यासारखी. पालघरला एका काकांनी ‘बेटा, वर ठेव ना रॅकवर’ म्हटलं, त्यानं मान हलवली. विरारला गाडी बदलली. अंधेरीला उतरून आम्ही पुलावरून बाहेर आलो, रिक्षांच्या रांगेपाशी महापालिकेचा एक कचऱ्याचा डबा होता, भरून वाहणारा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं नाही. सॅक उघडली, पुडकं काढलं, डब्यात दाबून बसवलं, हाताला सॅनिटायझर लावलं आणि मला म्हणाला, ‘‘चल, वडापाव खाऊ.’’